हत्ता

कोपरखैरण्याच्या ह्या खोलीला
पूर्वेची एकच खिडकी.
सकाळी नऊ ते साडेदहा
रंग खरं बोलतात इथे.
पिवळ्याचा निवाडा मी तेवढ्यातच करते.
उरलेला दिवस बिलं, फोन, आणि
"जरा उठून दिसेल असं करा ना"
ह्याचा अर्थ लावण्यात.

अकरा वर्षं झाली.
पहिल्या कामाचा मोबदला म्हणून
तुर्भ्याच्या एका कारखान्याने
चार कॅन फिनेल दिलं होतं.
फरशी वर्षभर चकचकीत,
खातं कोरडं.
खालच्या वाघचौरेबाई तेव्हा
सगळ्या मजल्यांची कुरियरं माझ्याकडे ठेवायला सांगत:
"तू काय, घरीच असतेस."

घरीच असते अजून.
फक्त दारावर पाटी आहे,
चौदा गिऱ्हाईकं आहेत,
त्यातली तीन आठवण न करता पैसे पाठवतात.
त्यांची नावं देवघरात नाहीत,
पण भिंत तीच आहे.

एक गोष्ट तेवढी येत नव्हती:
दर सांगणं.
आकडा ओठांवर यायचा
आणि त्याच्या पाठोपाठ, कुणी न विचारता,
"पण करू कमी-जास्त" निसटायचं,
दार उघडताना पायातून मांजर निसटावं तसं.

वाशीच्या मसाला मार्केटात
शांतिनाथ मगदूमांचा हळदीचा गाळा.
आत शिरताच तीन शिंका.
पाच मापांची पाकिटं, नवी ओळख, नवा ठसा,
सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं,
आणि तोंड उघडणार,
तोच त्यांनी हात वर केला.
"थांबा. बोललेला भाव
शेजारच्या गाळ्याचा होतो.
आमचे आप्पा सांगलीच्या यार्डात
तोंडाने कधी दर बोलले नाहीत."

खिशातून रुमाल काढला.
इस्त्रीचा, काठाला कायमचा पिवळा.
मनगटावर पसरला.
काट्याशी बसलेली सून, सुप्रभा, हसली:
"मामंजी, त्या कोटेशन ईमेल करतील."
"करू देत की. आधी हत्ता."

बोटामागे किती हजार, ते ठरलं.
रुमालाखाली मी त्यांची चार बोटं धरली.
खरखरीत, कोरडी, उबदार.
त्यांनी सोडवून घेतली, माझी तीन धरली.
मी पुन्हा चार.

बाहेर हमाल पोती उतरवत होते.
एक. दोन. पाच.
माझ्या घशात ते जुनं वाक्य येऊन बसलं.
पण घसा ह्या व्यवहारात नव्हताच,
आणि बोटांना
"बघू" म्हणता येत नाही,
"तुमच्यासाठी म्हणून" म्हणता येत नाही.
बोट एक तर धरलेलं असतं
नाही तर सोडलेलं.

नऊ पोती.
मी धरून होते.

रुमाल उचलला त्यांनी, घडी घातली.
"तोलून बोलता हो तुम्ही,"
म्हणाले,
एक शब्द न बोललेल्या मला.

पुढे तीन आठवडे रंगात गेले.
पहिला नमुना बघून म्हणाले, "हे लिंबू."
दुसरा बघून, "पिवळं आहे. हळद नाही."
तेव्हा त्यांचीच मूठभर हळद
खिडकीत कागदावर ठेवली
आणि नऊ चाळीसला
जो रंग दिसला तो धरला,
किंचित तपकिरीकडे झुकलेला,
जमिनीतून आल्याचं विसरला नाही असा.
निम्मी रक्कम आधी आली होती,
निम्मी टीडीएस कापून आली.
किबोर्डचं स्पेस बटण अजून पिवळं आहे.

काल एक नवा फोन.
ऐरोलीची कंपनी, घाईत, इंग्रजीत.
"बजेट सांगा."
मी आकडा सांगितला
आणि टेबलाखाली
उजव्या हाताने
डाव्याची बोटं घट्ट धरली.

पलीकडे पंख्याचा आवाज.
त्यांचा की माझा, कळेना.